एक नंबरचा तुकडा

१

सकाळची दुसरी कॉफी संपली की व्हर्डा स्टॉफर इस्त्री तापत ठेवायची, कागद कापायची आणि शिवायला बसायची. साडेआठ ते साडेअकरा. साप्ताहिकात अडतीस वर्षं बातम्या लिहून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. काम मनाच्या लहरीवर सोडलं तर होत नाही, घड्याळावर सोडलं तर होतं.

कागद साप्ताहिकाचाच होता. ओहायोच्या त्या डोंगराळ कोपऱ्यातलं ते एकमेव वर्तमानपत्र दोन वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली बंद पडलं. छापखान्यातल्या रिळांचा उरलेला कोरा कागद व्हर्डाने गाडीत घालून घरी आणला. मालकाने हरकत घेतली, तेव्हा ती त्याला म्हणाली, "पत्र तुम्ही बुडवलंत, कागद तरी माझ्याकडे राहू द्या."

गोधडी मोठ्या बहिणीसाठी होती. लिओटा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, व्हर्डाहून सात वर्षांनी मोठी. चार वर्षं ती काउंटीच्या वृद्धाश्रमात होती. विस्मरण वाढत गेलं तसं तिथल्या लोकांनी तिला दुपारभर खुर्चीला बांधून ठेवायला सुरुवात केली. त्या पट्ट्याला ते 'सुरक्षा' म्हणत. व्हर्डाने त्या 'सुरक्षे'चा फोटो काढला, तीन वेळा कचेरीत जाऊन आवाज चढवला आणि सप्टेंबरात लिओटाला घरी घेऊन आली. पण आश्रमाची परिचारिका, कोल्ब बाई, दर आठवड्याला तपासणीला येणार होती. लिओटा घरात टिकते का, झोपते का, भटकते का, हे पाहून ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी ती निर्णय देणार होती. निर्णय विरुद्ध गेला तर लिओटा पुन्हा आत जाणार होती, आणि या वेळी कुलूपबंद विभागात.

लिओटा झोपत नव्हती. "घरांची गोधडी कुठंय?" असं विचारत खोल्याखोल्यांतून फिरायची. आईने एकतीस साली शिवलेली ती गोधडी आश्रमाच्या धुलाईघराने उकळून तिचा लगदा केला होता आणि दिलगिरीची दोन ओळींची चिठ्ठी पाठवली होती. त्या दोन ओळींत तीन चुका होत्या. व्हर्डाने त्या लाल शाईने दुरुस्त करून चिठ्ठी परत पाठवली आणि ठरवलं, गोधडी आपण पुन्हा करायची. तशीच्या तशी.

२

चर्चच्या तळघरात बायकांचा शिवणगट चालवणारी मॅक्सिन प्रुइट तिला शिकवायला यायची. येताना मक्याचा पाव आणायची आणि सोबत टोमणे.

"कागद वर, कापड खाली," मॅक्सिन म्हणाली. "अगं, उलटं धरलंयस. बातमी लिहिताना स्वतःचं डोकं चालवलंस तेवढं पुरे. इथे फक्त रेघेवरनं शिवायचं."

पद्धत साधी होती. कागदावर घराचं चित्र काढायचं आणि प्रत्येक भागाला नंबर द्यायचा. कागदाखाली कापडाचे दोन तुकडे उलट्या बाजूने धरून रेघेवर शिवण मारायची, तुकडा उलगडायचा, इस्त्री फिरवायची. मग पुढचा नंबर. टाके अगदी बारीक, इंचाला अठरा. शेवटी कागद फाडून काढला की घर तयार.

"म्हणजे शिवणाऱ्याला कापडाचा चेहरा दिसतच नाही," व्हर्डा म्हणाली.

"नाहीच. घराच्या आत बसून शिवतेयस असं समज. बाहेरनं कसं दिसतं ते शेवटी कळायचं."

आईने काढलेले मूळ कागद बिस्किटांच्या डब्यात सापडले होते. पेन्सिलीने आखलेली बारा घरं, नदीकाठच्या त्यांच्याच गल्लीतली. कापडही आईचंच होतं. कोंबड्यांच्या खाद्याची फुलाफुलांची छापील पोती पूर्वी यायची, त्यांचे उरलेले तुकडे ट्रंकेत होते. व्हर्डा एकेक घर नव्या कागदावर उतरवत गेली. प्रत्येक घर दारापासून सुरू व्हायचं. दार एक नंबर. मग डावी भिंत, उजवी भिंत, खिडक्या, छप्पर, धुराडं. सगळं त्या एका तुकड्याभोवती रचायचं.

बाराव्या कागदावर नंबर दोनपासून सुरू होत होते.

व्हर्डाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोन, तीन, चार, थेट सतरापर्यंत. एक नव्हता. दारच नव्हतं. दोन नंबरची भिंत अखंड गेली होती आणि तिच्या खाली आईने तीन लहान आडव्या रेघा ओढल्या होत्या.

त्या रेघा पाहून व्हर्डाला हसू आलं. "हे आमचं घर. उत्तरेची बाजू. या बघ पायऱ्या."

घराच्या उत्तरेच्या भिंतीला बाहेरून तीन दगडी पायऱ्या होत्या आणि त्यांच्यावर दार नव्हतं, नुसत्या फळ्या. लहानपणी त्या पायऱ्यांवर बसून दोघी बहिणी मटार सोलत. त्या पायऱ्या कुठे जातात, असा प्रश्न अडतीस वर्षं जगाला प्रश्न विचारणाऱ्या बाईलाही कधी पडला नव्हता.

"मग तसंच शिव," मॅक्सिन म्हणाली. "तुझ्या आईचा हात चुकणारा नव्हता."

"हात सगळ्यांचाच चुकतो, मॅक्सिन. म्हणून तर संपादक पाळतात. मंदीचे दिवस होते, कापड संपलं असेल. पायऱ्या आहेत म्हणजे दार हवंच. सरळ हिशेब आहे."

तिने पट्टी घेतली, भिंतीच्या मधोमध दार आखलं आणि त्यात नंबर घातला, एक. कापड निवडलं लाल, पांढऱ्या ठिपक्यांचं.

"तू आणि तुझ्या दुरुस्त्या," मॅक्सिन पुटपुटली आणि पाव कापायला उठली.

३

गोधडी ऑक्टोबरच्या मध्याला पुरी झाली. कापसाचा थर, मांजरपाटाचं अस्तर, आणि चौकटीचौकटीला दोऱ्याची गाठ. दुपारी जेवण झाल्यावर व्हर्डाने ती लिओटाच्या पलंगावर अंथरली. लिओटाची खोली खालच्या मजल्यावर उत्तरेला होती, पूर्वी आईची होती तीच. पलंगाचा पायथा उत्तरेच्या भिंतीकडे, आणि पश्चिमेची खिडकी पलंगाला लागून.

लिओटा एकेका घरावर बोट ठेवत गेली. तिला कालचं जेवण आठवत नव्हतं, पण घरं बरोबर आठवत होती.

"हे होल्टरमनांचं. हे पाद्र्यांचं. हे त्या म्हाताऱ्याचं, तो आपल्यावर कुत्रा सोडायचा." बोट पायथ्याशी आलं आणि थांबलं. "आपल्या घराला दार कुणी काढलं?"

"मी."

"हं." लिओटाने लाल तुकड्यावरून हात फिरवला नाही. "आई हा कोपरा गादीखाली खोचून ठेवायची."

"आता नको खोचायला. चांगलं शिवलंय, दिसू दे की."

लिओटा आडवी झाली आणि पाच मिनिटांत झोपली. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. व्हर्डा दारात उभी राहून तिचा श्वास ऐकत राहिली. कोल्ब बाईला आत्ताच्या आत्ता फोन करून हा श्वास ऐकवावा, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात खोलीत कडी वाजली.

जुनी, अंगठ्याने दाबायची लोखंडी कडी असते, तिचा आवाज. खट्. या खोलीच्या एकमेव दाराला पितळी मूठ होती, आणि त्या दारात व्हर्डा स्वतः उभी होती. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा पाइप तापला असेल, असं म्हणून ती भांडी घासायला गेली.

४

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी व्हर्डाने जुनी वही काढली आणि वेळ टिपायला सुरुवात केली. भट्टी बंद केली, आवाज आला. खिडकी उघडी ठेवली, बंद ठेवली, आवाज आला. आवाज दिवसातून दोनदाच यायचा. लिओटाला झोप लागली की एकदा आणि ती उठायच्या आधी एकदा. वहीत नोंदी अशा होत्या: दोन दहा, तीन पंचावन्न. दोन बारा, तीन छप्पन्न. दोन दहा, तीन पंचावन्न.

सहाव्या दिवशी तिने बाहेरून भिंत तपासली. फळ्या घट्ट होत्या, त्यांच्यावर रंगाचे जुने थर होते आणि एकही खिळा सैल नव्हता. पायऱ्यांवर मात्र ती थोडा वेळ वाकून राहिली. उत्तरेला ऊन येत नाही, त्यामुळे तिन्ही पायऱ्यांवर शेवाळाची जाड साय असायची. कडेला ती होती. मधोमध ती झिजून दगड दिसत होता, रोजच्या वापरातल्या पायरीवर दिसतो तसा.

रॅकून, व्हर्डाने वहीत लिहिलं. मग तो शब्द खोडला. रॅकूनसारखं रानजनावर पायरीच्या मधोमध चालत नाही.

संध्याकाळी तिने लिओटाला विचारलं. आवाज सहज ठेवला, मुलाखतीत ठेवायची तसा.

"दुपारी कसं वाटतं गं? झोप लागते?"

"लागते की. ती बसते ना पायाशी."

"कोण, आई?"

लिओटा हसली. धाकटीच्या बावळटपणाला हसायची तशी. "आई कशी असेल? आईनेच तर हिला बाहेर ठेवलं होतं."

"कुणाला, लिओ?"

लिओटा वाटाण्याचा दाणा काट्याने ताटाच्या कडेला सरकवत राहिली.

"भीती वाटते तुला तिची?"

"चारला जाते की. जाते तोवर ठीक आहे." आणि मग एकदम काळजीने म्हणाली, "घोडे आत बांधलेस ना, व्हर्डी? पाऊस येतोय."

घरात घोडे पन्नास वर्षांपूर्वी होते. पाऊसही येत नव्हता. व्हर्डाने वही मिटली. साप्ताहिकात नव्याने येणाऱ्या प्रत्येक वार्ताहराला ती दरडावून सांगायची, साक्षीदार म्हातारा आहे म्हणून त्याचं म्हणणं गाळायचं नाही. त्या दिवशी तिने ते गाळलं. घोड्यांबरोबर 'चारला जाते' हेही गेलं.

५

सोमवारी तिने गोधडी काढून कपाटात ठेवली आणि पलंगावर विकतची लोकरी चादर घातली. दुपारभर घरात कडी वाजली नाही. व्हर्डा समाधानाने टपाल आणायला फाटकापर्यंत गेली, परत आली, तर पलंग रिकामा.

लिओटाला मॅक्सिनने आणलं. हमरस्त्यावरून, अनवाणी, रात्रीच्या झग्यात.

"लाकडाच्या ट्रकने नुसता भोंगा वाजवला म्हणून वाचली," मॅक्सिन धापा टाकत म्हणाली. "घरांची गोधडी शोधत होती म्हणे. अगं, तू एवढी रक्त आटवून शिवलीस आणि कपाटात कोंबलीस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

व्हर्डाने तिला कडीचं काही सांगितलं नाही. मॅक्सिनने ते तळघरातल्या प्रत्येक बाईला सांगितलं असतं, आणि त्यातली एक बाई कोल्ब बाईची नणंद होती. पण लिओटा हमरस्त्यावर भटकल्याचं ट्रकवाल्याने आधीच सगळ्यांना सांगितलं होतं. मंगळवारी कोल्ब बाईचा फोन आला.

"मिस स्टॉफर, मी शुक्रवारी साडेचारला येते. त्यांची बॅग भरलेली असावी. गरज पडेलच असं नाही."

"पडणार नाही," व्हर्डा म्हणाली. "आणि तुम्ही येताना त्या पट्ट्याविषयीचं माझं पत्र घेऊन या. त्याचं उत्तर बाकी आहे."

फोन ठेवून तिने गोधडी परत अंथरली. लिओटा लगेच झोपली. दोन दहाला कडी वाजली. आता पेच उघड होता. गोधडीशिवाय लिओटा घरात राहत नव्हती. गोधडी होती तर आणखी कुणीतरी येत होतं. व्हर्डाने या 'कुणीतरी'पुढे वहीत प्रश्नचिन्ह घातलं. पण उपाय तिला स्पष्ट दिसत होता. आईच्या कागदावर दार नव्हतं. दार तिने घातलं होतं. ते तिनेच काढायचं.

फक्त ते काढता येत नव्हतं. दार एक नंबर, बाकी सोळा तुकडे त्याच्यावर रचलेले, इंचाला अठरा टाके. दार उसवायचं तर अख्खं घर सोडवावं लागणार, आणि तेवढ्यात जुनं कापड फाटून जाणार. मग बंद करायचं. मागून, मांजरपाटाचा दुहेरी तुकडा लावून, सगळ्या कडांनी.

६

बुधवार आणि गुरुवार लिओटाने गोधडीला हात लावू दिला नाही. जागेपणी ती एक कोपरा मुठीत धरून बसायची. उरली शुक्रवारची दुपार.

दोन दहाला कडी वाजली, तेव्हा व्हर्डा स्वयंपाकघरात लिओटाच्या नव्या झग्याला बटणं लावत होती. कोल्ब बाईपुढे लिओटा नीटनेटकी दिसायला हवी होती. बटणं झाली, तीन वाजून गेले. मग ती सुई, दोरा, मांजरपाट आणि टाके उसवायचा आकडा घेऊन खोलीत आली. पलंगाच्या पायथ्याच्या उजव्या कोपऱ्याशी स्टूल ओढलं, गोधडीचा तो कोपरा हलकेच मांडीवर घेतला. गोधडीचा बाकी भाग लिओटाच्या अंगावर तसाच होता. लिओटाने पाय जवळ ओढून घेतलेले होते, कुणाला जागा करून दिल्यासारखे. अशी ती हल्ली रोजच झोपायची.

व्हर्डाने कडेची शिवण वीतभर उसवली, कापसाचा थर बाजूला सारला. घराची आतली बाजू समोर आली. शिवणीत अडकलेले कागदाचे बारीक कपटे अजून तिथे होते.

तुकडा नीट बसतो का पाहायला तिने सवयीने कापड खिडकीच्या उजेडासमोर धरलं. मॅक्सिनने शिकवलं होतं तसंच. दुपारचं तिरपं ऊन कापडातून आरपार आलं. दार लाल काचेसारखं उजळलं. चारही कडा सरळ होत्या आणि तिला त्याही क्षणी स्वतःच्या कामाचं कौतुक वाटलं.

मग तिला खालची कड दिसली. तिथे, उंबऱ्यापाशी, उजेड दोन ठिकाणी अडला होता. दोन लहान काळपट डाग, शेजारी शेजारी, मध्ये उजेडाची फट. बंद दारापलीकडे कुणी उभं असलं की दाराखालच्या फटीत दिसतं तसं.

व्हर्डाने कापडावरून बोट फिरवलं. गाठ नव्हती, कपटा नव्हता, सुताची गुठळी नव्हती. तिने कापड पुन्हा उजेडात धरलं. डावा डाग किंचित पुढे आला होता.

दाराशी उभी आहे, बाहेर, आत यायला, असं व्हर्डाच्या मनात आलं आणि तिचे हात स्थिर झाले. अंतिम मुदत जवळ आली की ते नेहमीच असे स्थिर व्हायचे. तिने मांजरपाट दुहेरी घडी करून दारावर ठेवला आणि शिवायला घेतलं. दुहेरी दोरा, प्रत्येक टाका मागे वळवून. वरची कड, डावी कड, उजवी कड. शेवटी उंबरा. तिथे तिने टाके आणखी जवळ घातले. गाठ मारली, दोरा दाताने तोडला, घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं लागली होती. तीन पन्नास.

"झालं," ती मोठ्याने म्हणाली. "आता ये बघू."

७

लिओटाने डोळे उघडले. तिने आधी व्हर्डाकडे पाहिलं, मग मांडीवरच्या कोपऱ्याकडे, मग मांजरपाटाच्या पांढऱ्या चौकोनाकडे.

"काय केलंस?"

"दार बंद केलं. आई करायची तसं. आता कुणी येणार नाही, लिओ. तू निवांत झोप. कोल्ब बाई आली की तिला दाखवू."

"किती वाजले?"

"चारला पाच कमी."

लिओटा उठून बसली. इतक्या वर्षांत तिचे डोळे एवढे स्वच्छ व्हर्डाने पाहिले नव्हते. "अगं व्हर्डी," ती हळूच म्हणाली, "ती आत आहे. आत्ता निघाली होती."

व्हर्डाची वही एप्रनच्या खिशात होती. ती काढायची गरज नव्हती. दोन दहा, तीन पंचावन्न. दोनदा. एकदा यायला, एकदा जायला. तिने स्वतःच्या हाताने ओळीने लिहून ठेवलं होतं. आणि आज दोन दहाला कडी वाजल्याचं तिने स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

उत्तरेच्या भिंतीत कडी वाजली. खट्.

मग पुन्हा. खट्, खट्. थोडं थांबून, जोराने. दार नेहमी उघडतं, आज का उघडत नाही, हे न कळलेल्या माणसाने वाजवावी तशी. भिंतीवरची तसबीर हलली. व्हर्डा भिंतीकडे पाहत राहिली. तिथे कागदी वेलबुट्टी होती, तसबीर होती, बाकी काही नव्हतं.

आवाज थांबला.

बाहेर खडीवर गाडी वळली. कोल्ब बाई अर्धा तास लवकर आली होती. लिओटा पलंगावरून उतरून चपला शोधू लागली. "मला कोल्ब बाईबरोबर जाऊ दे. तिकडे रात्री दाराला बाहेरून कुलूप लावतात."

या वाक्यावर महिनाभरापूर्वी व्हर्डाने अख्खं पान लिहिलं असतं. आता तिने मांडीवरचा आकडा उचलला आणि पहिल्या टाक्याखाली घातला. दुहेरी दोरा, मागे वळवलेला टाका. आकडा निसटला. तिने पुन्हा घातला.

"बॅग भरलीय, पुढच्या दाराशी आहे," ती मान वर न करता म्हणाली. "तुझा निळा कोट घाल. बाई विचारेल तर सांग, व्हर्डाने हो म्हटलंय."

"आणि तू?"

"मला हे उसवायचंय."

लिओटाने वाकून तिच्या डोक्यावर ओठ टेकवले, लहानपणी शाळेत जाताना टेकवायची तसे, आणि खोलीबाहेर गेली. पुढचं दार उघडल्याचं ऐकू आलं. कोल्ब बाईचा आवाज, लिओटाचा आवाज, मग बॅग खाली ठेवल्याचा, पुन्हा उचलल्याचा आवाज. व्हर्डाने पहिला टाका तोडला. दुसरा तोडला. तसे अजून दीडशे तरी असतील. काम होण्यासारखं होतं. वेळ लागणार होता, एवढंच.

गाडीची दारं लागली. खडी करकरली आणि आवाज दूर गेला.

पलंग रिकामा होता. पायथ्याशी गादीच्या स्प्रिंगा दबल्या, सावकाश, एका बाजूने. व्हर्डाने आकडा घट्ट धरला आणि तिसऱ्या टाक्याखाली घातला. तिच्या मांडीवरचं कापड हळूहळू ताणलं जाऊ लागलं.